सेडान घ्यायची तर आधी वर्कशॉपच्या मागच्या फाटकानं जा

मी कोल्हापुरात मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर आहे. एकोणीस वर्षं झाली. नव्या गाडीचे पेढे दुसरे खातात, मला फोन येतो तो बंपर लोंबायला लागल्यावर. त्यामुळं शोरूमच्या चकचकीत काचेपेक्षा वर्कशॉपचं मागचं फाटक माझ्या जास्त ओळखीचं. गेल्या डिसेंबरात स्वतःसाठी सेडान बघायला लागलो तेव्हा सुरुवात तिथूनच केली. कोणती घेतली ते सांगणार नाही. सगळ्याच कंपन्यांचे डीलर रोजच्या ओळखीचे, एकीचं नाव घेतलं की बाकीच्यांकडचा चहा बंद.

दुकानात तसा माल फार उरलेला नाही. चार मीटरच्या वर लांबी आणि दीड लिटरपर्यंत इंजिन असलेल्या सेडान म्हटलं की होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना आणि चाकणला एकाच साच्यातून निघणाऱ्या दोघी बहिणी, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया. टोयोटानं यारिस २०२१ मध्ये बंद केली, मारुतीनं सियाझ २०२५ मध्ये. बाकी सगळा बाजार उंच गाड्यांच्या मागं पळतोय. त्याचा एक फायदा असा की सेडान विकणारा सेल्समन आज जरा मऊ असतो.

घरातला पहिला वाद मिटवून मगच बाहेर पडा: चार मीटरच्या आतली सेडान चालणार नाही का? डिझायर ३,९९५ मिलिमीटरची आहे, म्हणून तिला १८ टक्के जीएसटी. मधल्या सेडानला ४० टक्के. हा फरक लाखात जातो. त्या बदल्यात मिळतं काय, तर मागची ऐसपैस सीट आणि डिकी. डिझायरची डिकी ३८२ लिटरची, व्हर्टसची ५२१. आम्ही वर्षातून दोनदा पाच माणसं आणि आठ दिवसांचं सामान घेऊन कोकणात उतरतो, म्हणून मला मोठी लागली. तुम्ही एकटे ऑफिसला जाणार असाल तर इथंच थांबा, पैसे वाचवा.

आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शोरूमला न्या. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरतात. सेडानची सीट खाली असते, बसताना माणूस धपकन बसतं, खरी परीक्षा उठताना. पहिल्या गाडीत आईनं उठताना दाराच्या वरच्या कडेला हात लावला, मग पुढच्या सीटच्या पाठीला, मग माझ्या खांद्याला. सेल्समन सनरूफ दाखवत होता. दुसऱ्या गाडीत दार जास्त उघडत होतं आणि सीटची कड थोडी वर होती. ती एक पाय बाहेर काढून, दाराच्या खांबाला धरून स्वतःची स्वतः उठली आणि म्हणाली, "हीत जमतंय." मिलिमीटरांचे तक्ते मी तिथंच मिटले. दोनच गाड्या यादीत राहिल्या.

किंमत

हिशेब सोपा राहावा म्हणून एक्स-शोरूम १४ लाखांची गाडी धरू. २२ सप्टेंबर २०२५ ला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, सेस गेला आणि या गाड्यांना सरळ ४० टक्के जीएसटी लागला. म्हणजे १४ लाखांत गाडीचे १० लाख, सरकारचे ४ लाख. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के सेस मिळून ४५ टक्के होते, म्हणजे तीच गाडी साडेचौदा लाखांची. फरक ५० हजारांचा.

हे पाठ करून जा, कारण एका शोरूमनं मला "दीड लाखाचा एकूण फायदा" असं रंगीत पान हातात दिलं. पेन काढून तिथंच सोलायला घेतलं. ५० हजार जीएसटीचे, ते रस्त्यावरून येणाऱ्या कुणालाही मिळतात. ४० हजार जुनी गाडी त्यांना दिली तर, आणि माझी जुनी मेव्हण्यानं आधीच मागून ठेवलेली. १५ हजार मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर. राहिले ४५ हजार. ती खरी सूट. सूट नेहमी अशी सोलून, एका रुपयाच्या आकड्यात, कोटेशनवर लिहून घ्या. "बघू की सर, तुमच्यासाठी करतो कायतरी" हा आकडा नसतो.

पुढं रोड टॅक्स. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर पेट्रोल गाडी घेतली तर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३. कंपनीच्या नावानं घ्याल तर २० टक्के, तेव्हा "खर्चात दाखवू" म्हणणाऱ्या सीएला हे आधी विचारा. आपल्या गाडीला १४ लाखांवर १२ टक्के म्हणजे १,६८,०००. कर लागलेल्या किमतीवर पुन्हा कर. दहा लाखांच्या गाडीवर एकूण ५,६८,००० कराचे झाले. यावर रडून उपयोग नाही, फक्त माहीत असावं. रजिस्ट्रेशनची फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, कार्ड-टपालाचे थोडे, सगळं धरून अडीच हजारांच्या घरात. माझ्या कोटेशनवर ठोक "आरटीओ १,८०,०००" लिहिलं होतं. वरचे साडेनऊ हजार कशाचे? "एजंटचं असतंय सर." नवी गाडी हल्ली आरटीओत न्यावीसुद्धा लागत नाही, पासिंग डीलरच्या संगणकावरूनच होतं. साडेनऊ हजार गेले.

हँडलिंग चार्जेस नावाची ओळ दिसली तर काट मारा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले तर तेही काटा. नव्या गाडीची हाय सिक्युरिटी प्लेट किमतीतच येते. टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग, मॅट-सीटकव्हरचं "किट" हे सगळं ऐच्छिक. मी मॅट घेतल्या, चिखलाचा देश आपला.

एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलरनं तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, मात्र खरा असतो. गाडी १० लाखांच्या वर गेली की लागतो, आपल्या हिशेबात १४,०००. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून मिळतो. तेव्हा पॅन नंबर बरोबर गेलाय का बघा.

आता माझा प्रांत, इन्शुरन्स. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकारनं ठरवलेला, त्यात घासाघीस नाही. त्याचे टप्पे १,००० आणि १,५०० सीसीला आहेत, म्हणून एक लिटरच्या टर्बोला तो स्वस्त पडतो. घासाघीस होते ती ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. डीलरनं मला ६२ हजार सांगितले. तेवढीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तेच कव्हर धरून मी बाहेरून कोटेशन आणलं, ४७ हजार. कागद टेबलावर ठेवल्यावर त्यांचं ४९ झालं आणि मी तिथंच घेतलं, कारण दोन हजारांत पुढं क्लेमच्या वेळी त्यांच्याच वर्कशॉपमध्ये वाद कमी होतात. विमा कुठून घ्यायचा हा तुमचा हक्क आहे, डीलर सक्ती करू शकत नाही, पण बाहेरचा कागद हातात असल्याशिवाय हक्काला किंमत येत नाही.

कव्हर निवडताना झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घ्याच. ते नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागाचा निम्मा पैसा खिशातून जातो, आणि सेडानचं नाक म्हणजे प्लॅस्टिकच. रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर बिलाची किंमत देणारं कव्हर, पहिली तीन वर्षं. आणि आमच्याकडं असाल तर इंजिन प्रोटेक्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर मी आठवडेच्या आठवडे चिखलातल्या गाड्या मोजल्या आहेत. व्हीनस कॉर्नरला गुडघाभर पाण्यातून गाडी काढायला जातात, हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि गाडी बंद पडते. मालक पुन्हा सेल मारतो, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. ते बघून मला क्लेममध्ये लिहावं लागतं की नुकसान चालू करण्याच्या प्रयत्नात झालं, आणि साधी पॉलिसी तिथं हात वर करते. पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, ढकला.

जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत असतो. तो गाडीचा नसून माणसाचा आहे. जुनी विकताना विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीत लावा. हे पत्र न घेतलेले शहाणे मला दर महिन्याला भेटतात.

कर्जाचं थोडक्यात. "फक्त सहा टक्के" म्हणाला की विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) का रिड्यूसिंग (उरलेल्या रकमेवर)? १० लाखांना पाच वर्षं फ्लॅट ६ टक्के म्हणजे व्याज ३ लाख, हप्ता २१,६६७. हाच हप्ता रिड्यूसिंगमध्ये जवळजवळ पावणेअकरा टक्क्यांचा बसतो. बँकेचे साधे ९ टक्के रिड्यूसिंग घेतले तर हप्ता २०,७५८. सात वर्षांवर नेला तर तो १६,०८९ होतो, कानाला गोड, पण व्याज २ लाख ४५ हजारांवरून साडेतीन लाखांवर जातं.

टिकेल का?

शनिवारी सकाळी वर्कशॉपला जा. शोरूमला नको, सर्व्हिसला. वेटिंग हॉलमध्ये बसा आणि पाच वर्षं जुनी, ऐंशी हजार किलोमीटर पळालेली तीच गाडी घेऊन आलेल्या माणसाशेजारची खुर्ची पकडा. नव्या गाडीचा मालक तिची स्तुतीच करतो, त्यानं नुकतेच पैसे मोजलेले असतात. पाच वर्षांचा मालक तोंड उघडून बोलतो. त्याला तीन गोष्टी विचारा: वॉरंटी संपल्यावर पहिला मोठा खर्च कशाचा आला, पार्टसाठी सगळ्यात जास्त किती दिवस गाडी उभी राहिली, आणि एसी मे महिन्यात सिग्नलला उभं असताना गार करतो का.

मग स्पेअर काउंटर. पाच वस्तूंचे भाव मागा: पुढचा बंपर, एक हेडलॅम्प, पुढची काच, बाहेरचा आरसा, एसीचा कंडेन्सर. माझ्या अनुभवात ठोकल्या जाणाऱ्या याच. मी ज्या दोन गाड्या मनात धरल्या होत्या त्यातल्या एकीचा एलईडी हेडलॅम्प दुसरीच्या जवळजवळ दुप्पट निघाला, शोरूम किमतीत फरक मात्र तीस हजारांचा. आणि भावासोबत विचारा, "आत्ता शेल्फवर आहे का?" काउंटरवरचा पोरगा खोटं बोलत नाही, त्याला गाडी विकायची नसते. हल्ली सिटी आणि व्हर्नाच्या वरच्या व्हेरियंटमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा येते, तिचा कॅमेरा पुढच्या काचेमागं बसतो. काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा नव्यानं जुळवणं, लागतं. ते तुमच्या गावात होतं की गाडी पुण्याला पाठवावी लागते, हे आधी विचारून ठेवा.

विश्वासार्हतेत सगळ्यात महागडा प्रश्न गिअरबॉक्सचा, म्हणून इथं जरा थांबतो.

ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवतात. हायवेला लोण्यासारखं. पण कोरड्या क्लचवाला प्रकार असेल तर तो तेलात बुडालेला नसतो. महाद्वार रोडच्या गर्दीत फूटभर पुढं, फूटभर थांब असं चाललं की क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जोडणी तेलातून होते. थोडं पेट्रोल जास्त पितो, गर्दी मुकाट सोसतो. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुल्या आणि एक पट्टा. ओव्हरटेकला इंजिन आधी ओरडतं, गाडी मग पळते. शांत चालवणाऱ्याला काही त्रास नाही, त्याचं तेल मात्र वेळेवर बदलायचं. मॅन्युअलची क्लच प्लेट कुठल्याही गावात बदलून मिळते.

आता गाड्यांना हे लावून बघा. सिटीचं दीड लिटर, १२१ पीएस (इंजिनच्या ताकदीचं माप), टर्बो नाही, सोबत सीव्हीटी किंवा मॅन्युअल. व्हर्नाचं साधं इंजिन ११५ पीएसचं, त्यालाही सीव्हीटीच्याच जातीचा गिअरबॉक्स. टर्बो १६० पीएसचं, ऑटोमॅटिक हवा असेल तर ड्युअल क्लच. व्हर्टस-स्लाव्हियाला एक लिटर टर्बोसोबत टॉर्क कन्व्हर्टर आणि दीड लिटरच्या १५० पीएससोबत ड्युअल क्लच. टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ताकद मिळते, पण आत येणाऱ्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचा धुवा लागत नाही, आणि सगळा प्रवास दोन-दोन किलोमीटरचा असेल तर तिथं काजळी धरते.

माझं मत: गाडी शहरात फिरणार आणि दहा वर्षं ठेवायची तर साधं इंजिन, सीव्हीटी किंवा मॅन्युअल. दर आठवड्याला पुण्याला जाणार, आंबा घाट चढणार आणि पाच वर्षांत विकणार तर टर्बोची मजा जरूर घ्या, एक्स्टेंडेड वॉरंटीसकट. गर्दीत कोरडा ड्युअल क्लच हे मी स्वतःसाठी घेणार नाही. माझा धाकटा भाऊ नेमकं तेच घेऊन फिरतो आणि मला भित्रा म्हणतो.

ॲव्हरेजचा हिशेब कंपनीच्या आकड्यावर नको, वेटिंग हॉलमधल्या माणसाच्या आकड्यावर करा. वर्षाला १२,००० किलोमीटर. एक गाडी १३ देते, दुसरी १७. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला २२-२३ हजारांचा फरक, पाच वर्षांत लाखाच्या वर. शिवाय पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्यात आमच्या उसाचंही असतं, म्हणून वाईट बोलवत नाही, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटणारच. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे पाइप-सील त्यासाठी बनवलेले असतात, ती काळजी नको.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल एकच. २०२३ मध्ये गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं व्हर्टस-स्लाव्हियाला पाच तारे दिले, व्हर्नालाही पाच. पण व्हर्नाच्या अहवालात सांगाडा अस्थिर असल्याचा शेरा आहे, त्या दोघींचा स्थिर. मी ठोकलेल्या गाड्या बघून जगतो, म्हणून मी तारे नंतर वाचतो आणि सांगाड्याची ओळ आधी.

टेस्ट ड्राइव्ह सेल्समन हायवेला नेतो, जिथं कुठलीही नवी गाडी छान चालते. आम्ही पाच जण बसून वाघबीळचा चढ चढून पन्हाळ्याला गेलो. गाडी भरल्यावर ती खाली बसते, आणि स्पीडब्रेकरला पोट घासतं की नाही हे तेव्हाच कळतं. परत येताना खिडक्या बंद, गाणी बंद. मागं बसलेल्याला मळमळलं का, तेही विचारा.

पैसे भरण्याआधी

डिसेंबरात स्वस्त मिळते ती बहुतेक वेळा त्या वर्षात बनलेली. आरसीवर बनल्याचा महिना-वर्ष छापला जातो आणि जुना बाजार तोच बघतो. दहा वर्षं ठेवणार असाल तर सूट घ्या आणि विसरा. चार वर्षांत विकणार असाल तर तुमची जुनी गाडी घेणारा ती सूट पुढं तुमच्याकडून वसूल करेल.

पासिंगच्या आधी, पूर्ण पैसे देण्याच्या आधी, उन्हात, यार्डात जाऊन गाडी बघायची. शोरूममधल्या दिव्यांखाली नाही. चासी नंबर लिहून घ्या आणि इनव्हॉइसशी जुळवा. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३८२५ म्हणजे २०२५ चा अडतिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. काचांवरचे शिक्के एकाच सुमाराचे हवेत. मीटर, गाडीखालची फरशी, प्रत्येक खिडकी, प्रत्येक बटण.

मला दाखवलेल्या पहिल्या गाडीचं मागचं उजवं दार उन्हात किंचित वेगळं वाटलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला सगळीकडं क्लेमच दिसतोय." रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशात होतंच. बोनेट ११२ मायक्रॉन, पुढचं दार ११८, छत १०९. मागचं उजवं दार २६४. रबर बीडिंग बाजूला केल्यावर आत रंगाची पुसटशी रेघ, टेप लावून मारलेल्या रंगाची असते तशी. मॅनेजर म्हणाला, कंपनीतूनच असं येतं. म्हटलं, लेटरहेडवर एवढं एक वाक्य लिहून द्या. आठ दिवसांत दुसरी गाडी आली.

डिलिव्हरीच्या दिवशी ताट, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं केलं. आई मागं बसली, खांबाला धरून. मी मात्र लिंबू ठेवायच्या आधी खाली वाकून टायरवरचे चार आकडे पुन्हा वाचले, आणि सेल्समन पोरगा हळूच शेजारच्याला म्हणाला, "ह्ये सर्व्हेअर हायेत."